हमीदभाईंचा लेट्यूस

१२ मार्च १९९६. सकाळी सहाला सोसायटीच्या गच्चीवर लेट्यूस कापायला गेले. कापायला म्हणजे परात धरायला. कात्री हमीदभाईंच्या हातात, आणि ती ते कुणाला देत नाहीत.

नेरूळला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहणारे हे गृहस्थ मूळचे उरणजवळच्या मोरा बंदराचे. तीस वर्षं मालवाहू बोटीवर स्वयंपाकी. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे सांभाळतात. यांनी थर्माकोलच्या खोक्यांत लेट्यूस लावला. सोसायटी त्याला बकऱ्यांचा चारा म्हणते.

पाला राहतो माझ्या फ्रिजमध्ये. त्यांच्या फ्रिजला मासळीचा वास आणि आमच्याकडे शाकाहार. "पाला वास पितो, ताई," हे त्यांचं पहिलं कलम. ओलसर मलमलीत गुंडाळायचा, डब्यात दाबायचा नाही, आणि केळी जवळ नकोत, त्यांच्या संगतीनं पान म्हातारं होतं. दिवसातून चार वेळा तपासणीला येणार.

"आज किती वेला उघडलात?"

"हमीदभाई, दूध माझं, फ्रिजही माझा."

"फ्रिज तुमचाच हाय. थंडी माझी."

मी हे चालवून घेत होते ते भाभींसाठी, त्यांच्या बायकोसाठी. कॅन्सरच्या औषधांनी भाभींचं तोंड आतून सोललं होतं. भात झोंबायचा, पेजही झोंबायची. थंडगार लेट्यूस तेवढा गिळायच्या. त्यात उन्हाळा लागला. रोपं ताडासारखी वाढायला लागली, आणि तुरा आला की पान कडू होतं. म्हणून त्या सकाळी सगळाच कापला.

"बोटीवर एकवीस दिवस टिकवलाय मी," ते म्हणाले.

पुढचा लेट्यूस दिवाळीनंतर.

आठव्या दिवशी कडा तांबूस झाल्या. हमीदभाईंनी तेवढ्या कापून उरलेलं नव्या कापडात बांधलं. चौदाव्या दिवशी डब्यात नुसता चिखल. माझ्या ओट्याशी उभे राहून ते त्यात पानं शोधत राहिले. तीन मिळाली.

"भाभींना रोज किती लागतं?" मी विचारलं.

"खात नाय ती. दहा दिस झाले, घशाखाली काय उतरत नाय." त्यांनी पानं नळाखाली धरली. "गालावर ठेवते. थंड लागतं म्हनते. गरम झालं की मी बदलतो. डोला लागेपर्यंत."

पानं रुमालात घेऊन ते गेले. डबा विसरले.

मला चीड आली. कुणाची ते समजेना, म्हणून डबा घासत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार उघडल्याबरोबर कोबीचे दोन गड्डे आणले. देठ कापून पानं अखंड सोडवली, पुसली, ओल्या फडक्यात गुंडाळून तासभर फ्रिजमध्ये ठेवली. मग चार पानं ताटलीत घेऊन शेजारी गेले.