चार मिलिमीटरचा रुमाल

जिथे समुद्र नाही तिथे जहाज बुडत नाही, हे सत्य इतकं सरळ आहे की ते लिहून ठेवण्याची तसदी आजवर कुणी घेतलेली नाही. भुसावळपासून समुद्र साडेचारशे किलोमीटर लांब आहे (रेल्वेने, दुसऱ्या कशाने अंतर मोजायची भुसावळात पद्धत नाही). म्हणजे जहाज बांधायला याहून सुरक्षित गाव शोधून सापडणार नाही. असं असूनही गेल्या उन्हाळ्यात सिग्नलनगर या वसाहतीत एक जहाज दोनशे चौदा माणसांसह बुडालं. जीवितहानी झाली नाही. मनं मात्र बरीच दुखावली, आणि काही अजून वाळलेली नाहीत.

जहाज होतं भाईदासभाऊ सुरवाडे यांचं. चौतीस वर्षं रेल्वेच्या डब्यांची चाकं आणि ब्रेक दुरुस्त करून भाऊ निवृत्त झाले. निवृत्तीच्या चौथ्या दिवशी त्यांनी लिलाबाईंना स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावण्याची सूचना केली. पाचव्या दिवशी लिलाबाईंनी त्यांना छंद शोधायला सांगितलं. (छंद नवऱ्याने जोपासायचा असतो, पण त्याची गरज बायकोला असते.)

भाऊंनी समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला होता, नोकरीच्या पहिल्या वर्षी, मुंबईला ट्रेनिंगला गेले असताना, वीस मिनिटं. दूर एक पांढरं जहाज उभं होतं. ते खडखडत नव्हतं, हलत नव्हतं, तिरपं होत नव्हतं. जन्मभर खडखडणाऱ्या डब्यांखाली आडवं पडलेल्या माणसाला ते दृश्य फार आवडून गेलं होतं. तेव्हा छंद कोणता हा प्रश्नच उरला नाही. आपल्या हातचं एक जहाज करावं आणि ते पाण्यावर एकदा, एकदाच, असं सरळ उभं राहिलेलं पाहावं, एवढीच त्यांची इच्छा होती. तिला सहा वर्षं लागली.

मागच्या ओट्यावर जहाज वाढत गेलं. मूळ जहाज एकशे वीस मीटरचं, प्रमाण एकास शंभर, म्हणजे चार फुटांचा ऐवज. सांगाडा पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्यांचा. कठड्यांना मोबाइलच्या मेलेल्या चार्जरमधल्या तारा; त्या स्टेशनजवळ मोबाइल दुरुस्तीची टपरी चालवणाऱ्या मोईजने पुरवल्या. धुराडं म्हणजे डोळ्यांच्या औषधाची बाटली. खिडक्यांना शर्टाची बटणं, एकूण एकशे बारा (या काळात भाऊ बहुतेक वेळा बनियनवर दिसत). नांगर लिलाबाईंच्या सेफ्टीपिनेचा. ती पिन हरवली होती तेव्हा लिलाबाई तीन दिवस शोधत होत्या, सापडली तेव्हा त्या इतकंच म्हणाल्या, "पदराला जहाज लावू का आता?"

सिग्नलनगरने या कार्याकडे आस्थेने पाहिलं, पण आपल्या पद्धतीने. या वसाहतीत निवृत्त रेल्वेवाल्यांचीच घरं आहेत आणि तिला वाहन असं एकच माहीत आहे. त्यामुळे येणारा माणूस जहाज पाहून झाल्यावर विचारायचा, "डबे किती?" दुसरा विचारायचा, पँट्री मागे आहे की मध्ये. शेजारचे रुपचंदनाना, निवृत्त टीसी, यांनी गंभीरपणे विचारलं, "भाईदास, स्केल काय?"

"एकास शंभर, नाना."

"कुठल्या वेतन आयोगाचं?"

इथवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते माणसांमुळे, आणि हे विधान फक्त जहाजाला लागू आहे असं समजू नये.

रिकामं जहाज ओकंबोकं दिसतं. भाऊंनी हिशेब केला की वरच्या डेकला चाळीस माणसं सहज झेपतील, प्रत्येकी सतरा मिलिमीटर उंचीची. मोईजने सोल्डरच्या तारेचा रांगा, म्हणजे कथील, वितळवून ती ओतून दिली. भाऊंनी ती भिंगाखाली रंगवली. पहिली दोन माणसं त्यांनी अगदी पुढे, नाकाडापाशी उभी केली: एक खाकी पँटवाला, आणि शेजारी हिरव्या लुगड्यातली बाई, हातात पिशवी. ती दोघं कोण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. लिलाबाईंना तर मुळीच नाही. साठी उलटल्यावर असल्या गोष्टी सांगायची लाज वाटते.

तिसाव्या माणसाला ओतताना रांगा थोडा जास्त पडला आणि त्याला पोट सुटलं. रुपचंदनाना सहज म्हणून आले, त्यांनी त्या माणसाकडे पाहिलं, स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, आणि निघून गेले. संध्याकाळपर्यंत वसाहतीत बातमी होती की रुपचंदनानांचं वरच्या डेकवरचं कन्फर्म झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेकवर पहिला रुमाल सापडला.

इथे थोडा कायदा सांगणं भाग आहे. आपल्याकडे एसटीच्या किंवा पॅसेंजरच्या खिडकीतून आत टाकलेला रुमाल हा मालकीहक्काचा पुरावा असतो. तो टाकणारा अजून फलाटावर चहा पीत असला तरी जागा त्याची. सातबाऱ्यावर वाद होतात, दत्तकपत्रं खोटी निघतात, पण रुमालाविरुद्ध निकाल गेल्याचं ऐकिवात नाही. भाऊंनी तो डेकवरचा रुमाल चिमट्याने उचलला आणि व्हर्नियरने मोजला. चार मिलिमीटर बाय चार. खरा रुमाल चाळीस सेंटिमीटरचा, प्रमाण एकास शंभर, अचूक! सहा वर्षांत आपला छंद लोकांपर्यंत पोहोचला, या जाणिवेने भाऊंना भरून आलं, आणि त्यांनी तो रुमाल होता तिथे परत ठेवला. आयुष्यातली मोठी चूक माणूस अशी भरल्या डोळ्यांनी करतो.

रविवारपर्यंत रुमाल त्रेसष्ट झाले. एक सात बाय पंधराचा निघाला. तो पंचा आहे आणि त्याखाली दोन जागा येतात, असा दावा दाखल झाला. एकाने छत्री ठेवली. एकाने तांदळाचा दाणा ठेवून ते आपलं गाठोडं असल्याचं सांगितलं (रात्रीतून मुंगीने गाठोडं नेलं, तक्रार प्रलंबित आहे).

अशा वेळी व्यवस्था लागते, आणि व्यवस्था म्हटलं की रुपचंदनाना. त्यांनी जुना काळा कोट काढला, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास होता, आणि ओट्याच्या खांबावर चार्ट चिकटवला. चार्टमध्ये कन्फर्म, आरएसी आणि वेटिंग असे तीन भाग होते. ज्येष्ठ नागरिकांनी सवयीने लोअर बर्थ मागितला. खालच्या डेकवर गेल्यास बाहेरून कुणाला दिसणार नाही हे कळल्यावर सगळ्यांच्या गुडघ्यांना एकदम आराम पडला. जळगावला रोज अप-डाउन करणाऱ्या मंडळींचं म्हणणं, आम्हाला जागा नकोच, आम्ही दरवाजात उभे राहू. जहाजाला दरवाजा नाही असं भाऊ म्हणाले, तर ते म्हणाले, मग जिथे गर्दी असेल तिथे उभे राहू. आणि या सर्वांना, अपवाद न करता, डावीच बाजू हवी होती. कारण जहाज सोडायचं होतं तो मागचा पाण्याचा हौद उजवीकडून भिंतीला लागून होता, तेव्हा फोटो डावीकडूनच निघणार.

नावागणिक एकेक माणूस ओतता ओतता आकडा दोनशेवर गेला तेव्हा मोईज रांग्याची तार गुंडाळत म्हणाला, "भाऊ, मी पहिल्यापासून सांगून राहिलो. एकेक माणूस दोन-दोन ग्रॅमचा आहे. वर चारशे ग्रॅम जाऊन राहिलं, तेही एका अंगाला."

"मला कळत नाही का रे?" भाऊ म्हणाले. "पण नाही कुणाला म्हणू?"

चाकाला तडा गेलाय हे कळूनही गाडी सोडायची, असं त्यांनी चौतीस वर्षांत एकदाही केलं नव्हतं. पण चाकाच्या घरी हळदीकुंकवाला जायचं नसतं, चाक सकाळी दूध आणताना भेटत नाही. माणसाला नाही म्हणण्याचं ट्रेनिंग त्यांना कुणी दिलेलं नव्हतं.

शेवटी दोंडाईच्याहून ताईबाई आल्या, लिलाबाईंची मावशी, वय ऐंशी. त्यांनी चार्ट वाचून घेतला आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "बठ्ठासले जागा शे, मग मालेच का नही?" (अहिराणीत बठ्ठे म्हणजे सगळे.) त्यांच्या शेजारी त्यांची सून उभी होती. म्हणजे दोन जागा.

"मावशीला नाही म्हणायचं तर तुम्हीच म्हणा बाई," लिलाबाई म्हणाल्या.

भाऊंनी चिमटा घेतला आणि नाकाडापाशी उभी असलेली पहिली दोन माणसं काढली. लिलाबाई जवळच धान्य निवडत होत्या. त्यांनी ते हिरवं लुगडं पाहिलं. पिशवी पाहिली. भुसावळच्या बाजारात तशी पिशवी त्या एकट्याच वापरतात.

"कोण होती ती?"

"होतं कुणीतरी," भाऊ म्हणाले, आणि ती दोघं त्यांनी काड्यापेटीत घालून शर्टाच्या खिशात टाकली. त्या दिवशी चहात साखर नव्हती.

जलावतरणाचा दिवस पाण्यानेच ठरवला. सिग्नलनगरात आठवडा आठ दिवसांचा असतो, कारण नळ आठव्या दिवशी येतो. त्या सकाळी लिलाबाईंनी हौद काठोकाठ भरू दिला. आठ दिवसांचं धुणं, भांडी, अंघोळी, सगळं त्यांनी त्या जहाजाखाली घातलं, हे कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं नव्हतं. पत्रिकेत रुपचंदनानांचं प्रास्ताविक होतं, दोन शुभेच्छापर भाषणं होती आणि शेवटी भरीत-पुरी होती. भाऊंच्या मनोगताला वेळ उरला नाही.

नानांनी शिट्टी फुंकली, हिरवा झेंडा दाखवला. मोईज आणि भाऊ, दोघांनी जहाज अलगद पाण्यावर ठेवलं आणि हात काढले. जहाज सरळ उभं राहिलं. अकरा सेकंद! भाऊंनी ती मोजली. मग जहाज हळूच डावीकडे झुकलं. ते वळण घेतंय असं वाटून लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या टाळीबरोबर ते आडवं झालं, दुसऱ्या टाळीला धुराड्यातून बुडबुडे आले, आणि टाळ्या संपायच्या आत हौद रिकामा दिसू लागला.

जहाज बुडालं की लोक काय करतात, याची पाहणी यापूर्वी झालेली नसावी. सिग्नलनगरची आकडेवारी अशी: उपस्थित एकशे अठ्ठावीस. "अरेरे" म्हणणारे नऊ. "मी म्हटलंच होतं" म्हणणारे एकतीस, पैकी खरोखर म्हटलेला मोईज एकटा. उरलेल्या अठ्ठ्याऐंशींनी हौदात हात घातले आणि विचारलं, "माझा दिसतोय का?" भाऊ काठावर उभे होते. त्यांचं काय झालं असेल हे कुणी विचारलं नाही, कारण ते काही डेकवर नव्हते.

आणि तेवढ्यात लिलाबाईंचं लक्ष पाण्याकडे गेलं. अठ्ठ्याऐंशी माणसांचे एकशे शहात्तर हात, आणि खाली त्यांचं आठ दिवसांचं पाणी!

"निघा आधी हौदातून!" त्या ओरडल्या. खराटा त्यांच्या हातात कुठून आला ते कुणालाच कळलं नाही. मग त्यांनी कोपरापर्यंत हात घालून जहाज स्वतः वर काढलं, ओट्यावर ठेवलं, डेकवर चिकटून राहिलेल्या मंडळींकडे पाहिलं आणि माहेरच्या बोलीत हुकूम सोडला, "उतरा बठ्ठे!"

त्यांनी डोक्यातली पिन काढली आणि एकेकाला उचकटायला सुरुवात केली. अप-डाउनवाले आधी गेले. मग रुपचंदनाना, पोटासकट. "लिलावहिनी, माझं कन्फर्म आहे हो," नाना म्हणाले. "भरीत खाऊन घ्या," लिलाबाई म्हणाल्या. ताईबाई आणि त्यांची सूनही उतरल्या. दोनशे चौदा माणसं वाटीत जमा झाली आणि मोईजने ती वितळवायला परत नेली.

गर्दी भरिताकडे वळली. ओट्यावर दोघंच राहिली. लिलाबाईंनी हात पुढे केला. भाऊंनी खिशातली काड्यापेटी दिली. खाकी पँटवाला आणि हिरवं लुगडं, दोघांना लिलाबाईंनी नाकाडापाशी दाबून बसवलं, आणि जहाज पुन्हा पाण्यावर ठेवलं.

ते सरळ उभं राहिलं. अकरा सेकंद झाले, मग मिनिट झालं, मग भाऊंनी मोजणं सोडून दिलं. डोळे पुसायला त्यांनी खिशात रुमाल शोधला, नव्हता.

"मी एवढी जाड आहे का हो?" लिलाबाईंनी विचारलं.

"एकास शंभर आहे," भाऊ म्हणाले.

दुपारी त्याच पाण्यात धुणं झालं.

ही हकिगत इथे संपायला हरकत नव्हती. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ ओट्यावर गेले तर डेकवर, त्या दोघांच्या अगदी शेजारी, एक रुमाल होता. चार बाय चार. रीतसर चौकशी झाली. सिग्नलनगरातल्या सर्व घरांचे सर्व रुमाल तपासण्यात आले; एकाचंही कापड जुळलं नाही. दोंडाईच्याला फोन झाला. तिथून नकार आला. तेव्हा तो वसाहतीबाहेरच्या कुणाचा तरी आहे, एवढंच सिद्ध होतं: अशा कुणाचा, ज्याला ही हकिगत पहिल्यापासून ठाऊक आहे, जो रुमालवाल्यांना मनसोक्त हसला, आणि शेवटी एवढा मोठा डेक रिकामा राहिलेला पाहून ज्याच्या मनात एक साधा हिशेब आला, की चाळीस झेपतात आणि दोनच आहेत.

भाऊंचा कुणावर आरोप नाही. तो स्वभावच नाही त्यांचा. त्यांची वाचकांना फक्त एक विनंती आहे: आपला रुमाल जरा काढून पाहावा. एक कोपरा चार मिलिमीटर कातरलेला असेल.