गमरेमामांचं क्लिअर

सकाळी सात वाजता कुंपणापलीकडून कुणी तुमच्या पाहुण्यांदेखत "गुरुजी, पोट क्लिअर हाय ना?" असं खणखणीत आवाजात विचारलं, तर समजावं की तुम्ही पोलादपुरात गमरेमामांच्या शेजारी राहता. मी अकरा वर्षं राहतोय. माझी लाज कधीच क्लिअर झाली.

मामा एसटीत कंट्रोलर होते. स्टँडच्या खिडकीत बसून गाड्यांच्या नोंदी करता करता हा एक इंग्रजी शब्द त्यांच्या जिभेवर चढला, तो निवृत्तीनंतरही उतरला नाही. आभाळ उघडलं, क्लिअर. माझी मुलगी बारावी पास झाली, तीही क्लिअर. ताटातला भात संपला, क्लिअर. माझे वडील वर्षभर अंथरुणाला खिळून होते. ते गेले तेव्हा मामा आले आणि माझा हात धरून म्हणाले, "सुटले, गुरुजी. रस्ता क्लिअर." मला असा राग आला होता, की या माणसाला दंडाला धरून बाहेर काढावं.

त्यांचा खरा नाद मात्र आंबेनळी घाटाचा. रोज सकाळी स्टँडवर जायचं आणि महाबळेश्वरहून उतरलेल्या पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरला गाठायचं.

"घाट क्लिअर?"

"क्लिअर, मामा."

एवढं ऐकलं की मान खाली घालून घरी. मग दिवसभर कुणाशी धड बोलणं नाही.

पण दरड कोसळून घाट बंद झाला, की स्वारीचा नूरच पालटायचा. गुळगुळीत दाढी व्हायची, अंगणात शीळ घुमायची, मला चहाचं बोलावणं यायचं. लोकांचे हाल आणि याचा सण! मी मनातल्या मनात चार शिव्या हासडायचो आणि चहा प्यायचो.

गेल्या पावसाळ्यात घाट आठवडाभर बंद होता. न राहवून मी विचारलंच, "मामा, घाट बंद पडला की तुम्हाला एवढा आनंद कसला होतो?"

मामांनी कप खाली ठेवला. त्यांचा एकुलता एक मुलगा संतोष महाबळेश्वरला एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. बापाला त्याला एसटीत चिकटवायचं होतं, त्यानं ऐकलं नाही.

"तवा मीच बोललो, जा, तुझा-माझा संबंध क्लिअर. सहा वर्सं झाली. दीड-दोन तासांचा रस्ता. फोन केला तर उचलत नाय." मग उगीच हसले. "घाट क्लिअर हाय नि पोरगा येत नाय, हे लय जड जातं, गुरुजी. बंद असला की बरं वाटतं. रस्ताच नाय, तर येनार कसा?"

मला मनातल्या त्या शिव्यांची लाज वाटली.

त्यानंतर दोन दिवसांनी महाडला शाळेत निघालो, तर स्टँडवर महाबळेश्वरची गाडी उभी. चाकं लाल चिखलानं माखलेली. घाट सुटला होता. मामा तापानं घरीच होते.

संध्याकाळी परतलो तेव्हा मफलर गुंडाळून कुंपणाशी उभे.

"गुरुजी, घाट क्लिअर?"

"नाय, मामा," मी म्हणालो. "अजून दोन दिवस तरी लागतील."

मामांचा चेहरा उजळला.

"मग या, चा टाकतो. ताप पन क्लिअर झाल्यासारखा वाटतो."