सतराव्या वहीतली कुसा

सकाळी सव्वानऊला गोदावरीबाईंनी मिक्सर लावण्यासाठी भिंतीतली एक वायर उपटली आणि पंचवटीतल्या गंगाधरगुरुजींच्या घरातले सुमारे दोन लाख पूर्वज एका क्षणात दिसेनासे झाले.

गोदावरीबाईंचं म्हणणं असं, की त्या बोर्डाला तीनच जागा. एक फ्रिजची, एक पाण्याच्या मशिनची आणि एक त्यांच्या मुलाच्या, आल्हादच्या डब्याची. फ्रिज काढला तर दूध नासतं, पाण्याचं मशिन काढलं तर गुरुजी तोंडाने काही न बोलता रिकामं भांडं आपटतात. डबा काढला तर काय होतं, हे आजवर कोणी सांगितलेलं नव्हतं. चटणी वाटून झाल्यावर त्यांनी वायर होती तशी परत लावली, म्हणजे त्यांच्या मते हिशेब मिटला.

तो डबा म्हणजे सर्व्हर. गुरुजींच्या घराण्याकडे नामावळी होत्या. गोदेवर येणारा यात्रेकरू आपल्या गुरुजींच्या वहीत स्वतःच्या हाताने नाव लिहितो. बाप, आजा, भाऊ, मुलंबाळं, गाव, सगळं. अशा बेचाळीस वह्या पाच पिढ्यांनी जपल्या होत्या. गुरुजींचा मुलगा आल्हाद कॉम्प्युटरमधला. घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करायचा आणि उरलेल्या वेळात दोन वर्षं खपून त्याने प्रत्येक पानाचा फोटो काढला होता, नावं टाइप केली होती. वह्यांची पानं आता हात लावताच तुटत होती, म्हणून त्या दोन महिन्यांपूर्वी डागडुजीला पुण्याला गेल्या. वह्या गाडीत ठेवताना गुरुजींनी ड्रायव्हरला तीनदा बजावलं, की खड्डे चुकवत न्या. नाशिक-पुणे रस्त्यावर हे सांगण्यात काही अर्थ नाही, हे ड्रायव्हरला ठाऊक होतं आणि गुरुजींनाही.

तर वह्या पुण्यात, सर्व्हर बंद, आणि पावणेदहाला दारात यजमान.

धनराज उगले मनमाडला रेल्वेत होता. त्याचे वडील सावळीराम यांचा तो बारावा दिवस. सोबत त्याची ऐंशी वर्षांची आत्या कुसाबाई होती. बाकी मंडळी घाटावर थांबली होती आणि विधी एक वाजता सुरू व्हायचा होता.

"गुरुजी, वडिलांचे वडील गोरक्ष, एवढं माहीत आहे," धनराज म्हणाला. "त्यांच्या मागची दोन नावं काही सापडत नाहीत. आत्यालाही येत नाहीत."

"आज्याला आम्ही म्हातारबाबाच म्हणायचो," कुसाबाई म्हणाल्या. "पोरासोरांनी मोठ्या माणसाचं नाव कशाला घ्यायचं? कुणी सांगितलंच नाय."

"अडचण नाही. नाव माहीत नसेल तर शास्त्रात सोय आहे," गुरुजी म्हणाले.

"सोय?" कुसाबाईंनी पदर सारखा केला. "महाराज, म्हातारबाबा माणूस व्हता. माझ्या भावाला त्याच्या शेजारी बसवायचं आन् त्याला नावानं हाक नाय मारायची? माझ्या बापानं तुमच्या वहीत लिव्हलंय. मी व्हते तिथं. सहा वर्साची. माझंबी नाव लिव्हलं."

हे शेवटचं वाक्य ऐकून धनराजने खाली बघितलं. उगल्यांच्या घरात या एका वाक्यावर सत्तर वर्षं भांडण चालू होतं. सावळीराम म्हणायचे, वहीत पोरांची नावं लिहितात, पोरींची नाही; माझं आहे, तुझं नाही. दर भाऊबीजेला ओवाळून झालं, की हा विषय निघायचा आणि कुसाबाई ताट आपटून उठायच्या. गेल्या भाऊबीजेला सावळीराम अंथरुणावर होते. तेव्हाही त्यांनी तेवढं म्हणून घेतलंच. आता ते म्हणायला माणूस राहिला नव्हता, आणि कुसाबाईंना भांडण जिंकायचं होतं की भावाला आणखी एकदा त्याच्याशी भांडायला बोलवायचं होतं, हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

गुरुजी आतल्या खोलीकडे वळले. "आल्हाद, उगले. मनमाड."

मग आल्हाद दारात आला. त्याचा चेहरा पाहून गुरुजींनी जानवं उगाच सरळ केलं.

"आई, तू काही काढलं होतंस का?"

"चटणीपुरतं," गोदावरीबाई म्हणाल्या.

आल्हादने मशिन चालू केलं होतं, पण आतला डेटाबेस उठायला तयार नव्हता. 'मी आधीच चालू आहे' असं तो पडद्यावर लिहून सांगत होता आणि चालू तर नव्हता.

"म्हणजे खोटं बोलतो?" गुरुजींनी विचारलं.

"खोटं नाही, बाबा. तो आत गेला की दारावर एक चिठ्ठी लावतो, मी आत आहे म्हणून. बाहेर पडताना काढतो. आईने वायर उपटल्यावर त्याला चिठ्ठी काढायला वेळच मिळाला नाही. आता नवा आलेला ती चिठ्ठी बघून बाहेरच उभा आहे."

"मग काढ ती."

"आधी आत खरंच कोणी नाही ना, ते बघावं लागतं."

हे गुरुजींना पटलं. आल्हादने नीट पाहिलं, चिठ्ठी काढली आणि डेटाबेस एकदाचा आत शिरला. पण शिरल्यावर तो कामाला लागेना. सकाळीच आल्हादने नव्याने टाइप केलेल्या अकरा हजार नोंदी एकदम चढवायला घेतल्या होत्या. त्या अर्ध्यात असताना वीज गेली. आता कुठली नोंद पुरी आणि कुठली अर्धी, हे तपासल्याशिवाय तो कोणाशी बोलणार नव्हता. पडद्यावर आकडा दिसत होता. दोन टक्के. तीन टक्के.

"पाऊण तास लागेल," आल्हाद म्हणाला. "फक्त कोणी हात लावू नका."

कुसाबाई खुर्चीत बसल्या, उठल्या, खिडकीशी गेल्या, परत आल्या. गोदावरीबाईंनी चहा दिला, तो त्यांनी दोन घोटात संपवला. त्या आयुष्यभर अशाच होत्या. मनमाडला गाडी यायच्या तासभर आधी फलाटावर जाऊन बसायच्या आणि मग गाडी उशिरा येते म्हणून स्टेशनमास्तरला बोलायच्या.

"किती झालं?"

"एकसष्ट, आजी."

"आमचा टीव्ही अडकला, की मी बटन बंद करून चालू करते. लगेच चालतो. धनराज, बघ की. तू रेल्वेत हायेस ना?"

धनराज रेल्वेत आरक्षणाच्या खिडकीवर होता. पण आल्हाद ऑफिसचा फोन घ्यायला गॅलरीत गेला होता आणि आत्याचं ऐकायची धनराजला लहानपणापासून सवय होती. बासष्ट टक्क्यांवर त्याने बटण दाबलं.

आल्हाद परत आला तेव्हा पडद्यावर एक टक्का होता.

त्याने आवाज चढवला नाही, घरात बाराव्याची माणसं होती. "काका, हे मध्येच तोडलं, की पहिल्यापासून सुरू होतं," एवढंच तो म्हणाला. पण ते ज्या शांतपणे म्हणाला, त्यावरून धनराजने दोन्ही हात मागे बांधून घेतले आणि पुढचा तासभर ते सोडले नाहीत.

दुसऱ्या खेपेला आकडा ऐंशीपर्यंत पोचला. या वेळी सगळ्यांचं लक्ष होतं धनराजवर. कुसाबाई मशिनशेजारी पाटावर गुडघे धरून बसल्या होत्या. त्यांनी हळूच डब्यावर तळहात ठेवला, आणि चटकन काढला.

"अगं बाई, किती तापलंय! सकाळधरनं राबतंय बिचारं. जरा गार व्हऊ द्या," असं म्हणून त्यांनी पूर्ण मायेने भिंतीवरचं बटण बंद केलं.

फ्रिज थांबला, पाण्याचं मशिन थांबलं आणि सर्व्हरही थांबला. साडेअकरा वाजले होते. आल्हाद भिंतीला टेकून खाली बसला.

"आजी..." तो म्हणाला.

"म्या काय केलं? तापलं व्हतं!"

"ए आत्या, तू आता बाहेर बस बरं," धनराज म्हणाला. "गुरुजी, राहू द्या. ती शास्त्रातली सोय आहे ना, तीच करून टाकू. घाटावर माणसं खोळंबलीत."

कुसाबाईंनी डोळे पुसले तेव्हा सगळ्यांना वाईट वाटलं, आणि सगळ्यात जास्त गंगाधरगुरुजींना. त्यांच्या दारातून पाच पिढ्यांत कोणी नाव न घेता परत गेलं नव्हतं. मग ते मुलाला म्हणाले, "हे मोडलं की पहिल्यापासून, असंच ना?"

"हो."

"मग हे आपलं पारायण झालं. असं सांगायचं ना आधी."

गुरुजी देवघरात गेले आणि ताम्हण घेऊन आले. त्यांनी मशिन सुरू करायला लावलं, डब्यावर मूठभर तांदूळ ठेवले, तांदळावर सुपारी ठेवली, हळद-कुंकू वाहिलं आणि अक्षता टाकल्या. दोन वर्षांत या डब्यावर आल्हादने धूळ बसू दिली नव्हती, दसऱ्याला झेंडूचं फूलसुद्धा लांबून दाखवलं होतं. आज तो हात जोडून उभा राहिला.

"स्थापना झाली," गुरुजी म्हणाले. "आता विसर्जनापर्यंत याला हलवायचं नाही, बंद करायचं नाही, याच्या वायरीला शिवायचं नाही. काय?"

"नाय नाय! शिवते कशाला?" कुसाबाई दोन पावलं मागे सरकल्या आणि त्यांनी धनराजलाही ओढून मागे घेतलं. दारातून गोदावरीबाईंनी मिक्सर उचलला आणि सरळ शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवला.

त्यानंतर चाळीस मिनिटं त्या घरात कोणी हाललं नाही. जे काम दोन तास विनंत्या करून झालं नव्हतं, ते एका सुपारीने केलं. बारा वाजून दहा मिनिटांनी शंभर टक्के झाले आणि नावं विचारायची चौकट पडद्यावर आली.

आल्हादने टाइप केलं. उगले, गोरक्ष, मनमाड. उत्तर आलं, एकही नोंद नाही.

"असं कसं? आमचं गाव मनमाडच," धनराज म्हणाला.

आल्हादने गाव काढून टाकलं आणि नुसतं नाव दिलं. पडद्यावर एक गोल फिरू लागला. फिरतच राहिला.

"आता का थांबलंय?" गुरुजींनी विचारलं.

"थांबलं नाही, बाबा, वाचतंय. तुमच्या वह्या गावांप्रमाणे लावलेल्या, म्हणून मीही गावांप्रमाणेच सूची केली. गाव दिलं तर नेमकं पान उघडतो. गाव नसलं, तर पहिल्या नोंदीपासून एकेक नाव वाचत बसतो. त्यात कोणी गोरख लिहिलंय, कोणी गोरक्षनाथ. तेही ताडून बघायला सांगितलंय. बहुतेक तास जाईल."

एक वाजायला पन्नास मिनिटं होती. कुसाबाईंनी सुपारीकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

गुरुजी त्यांच्यासमोर बसले. "बाई, वडील मनमाडला कशासाठी आले?"

"रेल्वेत लागले ना. त्याआधी शेती."

"चैत्रात जत्रेला कुठे न्यायचे?"

"भैरोबाला. सिन्नरवरनं बैलगाडीनं. वर डोंगर, खाली चिंचा. लय चिंचा. मी खाऊन आजारी पडले व्हते."

"आणि घरात लग्न निघालं, की पहिला नारळ कुठे?"

"तिथंच की."

"चिंचदरी," गुरुजी म्हणाले. "सिन्नर तालुका. तिकडचे उगले सतराव्या वहीत."

आल्हादने चालू असलेला शोध थांबवला, गाव घातलं आणि बटण दाबून हात बाजूला घेईपर्यंत पान समोर आलं होतं. त्याला बरं वाटलं आणि थोडं लागलंही. दोन वर्षं खपून त्याने सगळ्या वह्या मशिनमध्ये घातल्या होत्या, पण कुठलं गाव विचारायचं ते अजून बाबांच्याच डोक्यात होतं.

पिवळं पान, निळी शाई, गिरवून काढलेलं ठसठशीत अक्षर. धनराजने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला घेतलं.

"सन एकोणीसशे एक्कावन्न. गोरक्ष वल्द म्हाळू वल्द राघू उगले, राहणार चिंचदरी, हल्ली मनमाड, रेल्वे." त्याने त्या दोन नावांवर बोट ठेवलं. "म्हाळू. राघू. आत्या, मिळाले गं दोघे."

"म्हाळू," कुसाबाई म्हणाल्या. ऐंशी वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी म्हातारबाबाचं नाव घेतलं आणि कानाला हात लावला. "पुढं वाच."

"भार्या विठाबाई. थोरला मुलगा दगडू, म्हणजे मोठे काका. कन्या कुसा, सोबत आहे."

"बघ! बघ!" कुसाबाई उभ्या राहिल्या. "सत्तर वर्सं सांगत व्हते! कुठं हाय तुझा बाप? त्याला म्हणावं..." आणि त्या तिथेच थांबल्या.

धनराज अजून पानाकडेच बघत होता. त्याने पुढची ओळ मनात दोनदा वाचली.

"वाच ना रे."

"आत्या, पुढे असं आहे. 'कन्येने परत चलण्याची फार घाई केल्यामुळे बाकी नावे पुढील खेपेस लिहू.'"



"म्हणजे?" कुसाबाईंनी विचारलं.

"म्हणजे तुझं आहे. माझ्या वडिलांचं नाही."

पुढली खेप झालीच नव्हती. त्याच पावसाळ्यात गोरक्ष उगले तापाने गेले. सावळीराम त्या दिवशी गोवर निघाला म्हणून घरी राहिले होते. वहीत आपलं नाव आहे असं जन्मभर मानून ते बहिणीला चिडवत राहिले, आणि ते नाव जिने लिहू दिलं नव्हतं तीच दर भाऊबीजेला त्यांना ओवाळत राहिली.

कुसाबाई आधी हसल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत हसल्या. मग त्यांचे खांदे हलायचे थांबले नाहीत आणि हसणं मात्र थांबलं. गोदावरीबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

गुरुजींनी कपाटातून चालू वही काढली. लाल कापडाची, नवी. आल्हादने आता वही कशाला असं म्हटल्यापासून ती त्यांनी सोवळ्याच्या कपड्यांखाली ठेवली होती. तिच्यात त्यांनी तारीख घातली, चिंचदरी लिहिलं आणि पेन धनराजपुढे धरलं.

"दे इकडं. मी लिव्हते," कुसाबाई म्हणाल्या. "मला येतं. रात्रीच्या वर्गात शिकलेय."

त्या पाटावर बसल्या. वही मांडीवर घेतली आणि 'सा' काढला. त्याचा काना सरळ आला नाही, म्हणून त्यावर पेन पुन्हा फिरवलं. मग 'व'. घाटावरून फोन आला, धनराजने तो कापला. परत आला. एक वाजायला सात मिनिटं होती. 'ळी'ची वेलांटी अर्ध्यावर आली होती.

"आत्या, जरा लवकर कर ना गं," धनराज म्हणाला.

कुसाबाईंनी मान वर केली नाही.

"गप रे. मागल्या खेपेला घाई केली व्हती."