चष्मेवाले पुन्हा उतरताहेत

या वर्षी करायचंच, असं चष्मेवाल्याने ठरवलं. ठरवलं तेव्हा तो आरशासमोर पोट आत ओढून उभा होता, आणि पोट आत ओढलेला माणूस काय वाट्टेल ते ठरवू शकतो. ट्रायथलॉन! तीही लांब पल्ल्याची! आधी तळ्यात पोहायचं, मग तसंच ओलेत्याने सायकल हाणायची, आणि सायकलवरून उतरल्यावर, जेव्हा कुठल्याही शहाण्या माणसाला आडवं व्हावंसं वाटेल, तेव्हा धावत सुटायचं. पाठीमागे कुणी लागलेलं नसताना, हे विशेष.

चष्मेवाला हे काही त्याचं नाव नव्हे. कोपऱ्यावर त्याचं चष्म्याचं दुकान, म्हणून अख्खी इमारत त्याला चष्मेवाले म्हणायची, आणि रागावली की बायकोही. लेक अजून बाबा म्हणत होती, पण तीही आता मोठी होत चालली होती, भरवसा नव्हता.

ही शर्यत त्याने एकदा केलेली होती. म्हणजे बरीचशी केलेली होती. लेक तेव्हा कडेवर होती. शेवटच्या टप्प्यात, शर्यत संपते तिथल्या कमानीवरच्या कर्ण्याचा आवाज कानावर यायला लागला, नेमका तिथेच पायांनी संप पुकारला आणि गडी फुटपाथच्या कडेला बसला तो बसलाच. बायको लेकीला घेऊन कमानीपाशी उभी. एकेक माणूस धापा टाकत येत होता आणि लेक प्रत्येकाला बाबा म्हणून हाक मारत होती. खरा बाबा शेवटी आला तो टेम्पोत बसून. घरात पुन्हा हा विषय कुणी काढला नाही. काढला असता, चार टोमणे मारले असते तर बरं झालं असतं, असं त्याला अजून वाटतं. त्या कमानीखालून एकदा स्वतःच्या पायांनी जायचं आणि लेकीने ते बघायचं, एवढंच त्याला हवं होतं.

बायको हॉस्पिटलात नर्स. पोहायला त्याला तिनेच शिकवलेलं. कॉलेजात ती पोहण्यात सगळ्यांच्या पुढे असायची. मग लग्न झालं, मग लेक झाली, मग दिवसरात्रीच्या ड्यूट्या, आणि तिचा पोहण्याचा पोशाख कपाटात कुठल्या थराखाली गेला ते कपाटालाच ठाऊक. चष्मेवाल्याने भांडी विसळता विसळता विषय काढला. (विषय काढायचा म्हणूनच भांडी विसळायला घेतली होती, हे तिला पहिल्याच कपाला कळलं होतं.)

तिने हात पुसले. "रविवारची सकाळ तुझी," ती म्हणाली. "मी ड्यूटी बदलून घेते. लेकीचं, घरातलं, सगळं बघते. पण तेवढीच. बाकीचा आठवडा घराचा. आणि मध्येच दुसरं कुठलं लचांड घरात आणायचं नाही."

त्याने गळ्याशपथ घेतली. स्वतःच्याच गळ्याची.

आता खरं तर माणसाने गप्प बसावं. पण आनंद झालेला माणूस आणि उतू जाणारं दूध, दोघांनाही दम धरवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाला लिफ्टमध्ये शिरला आणि आत होते टाकीकाका.

टाकीकाका म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष. सदानकदा गच्चीवर पाण्याच्या टाकीत डोकं घातलेले, म्हणून टाकीकाका. इमारतीत पाण्याची बोंब होती आणि ती बोंब सगळे काकांच्याच नावाने मारत. अध्यक्षपद कुणाच्या तरी गळ्यात बांधून मोकळं व्हायचं, म्हणून काका कित्येक वर्षं तळमळत होते. ते लिफ्टमध्ये दिसले की लोक जिन्याने जात. चष्मेवाला स्वतः पूर्वी एकदा सोसायटीचा सेक्रेटरी झाला होता आणि अर्ध्यावर राजीनामा देऊन पळाला होता. त्यावरून पुढे बायकोने लिफ्टमध्ये टोमणे ऐकले. पण आज त्याला यातलं काही आठवलं नाही.

"काय चष्मेवाले, स्वारी खुशीत?"

"काका, तुम्हाला म्हणून सांगतो. पुन्हा उतरायचं ठरवलंय."

काकांचं बोट बटणावरच राहिलं. "खरंच उतरताय?"

"मनाची तयारी झाली. घरूनही पाठिंबा आहे."

"वहिनींचा? मागच्या वेळी एवढं होऊन?"

"मागच्या वेळी अर्ध्यात सोडलं, ते अजून मनाला लागून राहिलंय. या वेळी शेवटपर्यंत जाणार."

"आणि पाण्याचं काय?" काकांनी हळूच विचारलं.

"पाणी हीच तर दुखरी बाजू. म्हणून आधी सगळा जोर पाण्यावर. ते जमलं की सायकलीचं बघायचं."

इथे एका अनुस्वाराने घात केला. चष्मेवाला म्हणाला सायकलीचं, काकांनी ऐकलं सायकलींचं. जिन्याखाली सायकलींचा असा गुंता झालेला होता की खालची सायकल काढायची तर वरच्या सगळ्यांच्या मालकांना घरातून बोलवावं लागे. काकांना गहिवरून आलं.

"आणि मग?"

"मग काय, धावायचंच आहे काका. दम संपेपर्यंत."

"धावावं लागतं हो," काका म्हणाले. "लोकांना दिसत नाही, पण फार धावावं लागतं."

चष्मेवाला तरंगतच दुकानात गेला. या खेळातलं मर्म कळणारा माणूस आपल्याच इमारतीत राहतो आणि आपण इतकी वर्षं त्याला टाळत आलो, याची त्याला लाज वाटली.

पहिला रविवार झकास गेला. नको तितका झकास. इतक्या वर्षांनी सायकलवर बसलेला माणूस उत्साहाच्या भरात शहराबाहेर गेला, आणि परत यायचंही असतं हे त्याला तिथे गेल्यावर आठवलं. संध्याकाळी त्याच्या मांड्यांची लाकडं झाली होती. उभं राहता येत होतं, आडवं होता येत होतं, पण बसणं हा प्रकार शरीरातून कुणी काढूनच नेला होता. आणि त्याच संध्याकाळी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सोसायटीची वार्षिक सभा. बायकोने बजावलं, बाथरूमच्या छताला ओल येतेय, तेवढं सांगून ये. तो कठडा धरत, पायऱ्या आडव्या उतरत, उशिराच पोचला आणि भिंतीला टेकून मागे उभा राहिला. दोघातिघांनी खुर्ची पुढे केली. त्याने हसून नको म्हटलं. बसलो तर उठणार कसा?

तेवढ्यात पुढून काकांनी विचारलं, की अध्यक्षपदासाठी कोण उभं राहतंय. ते चष्मेवाल्याला ऐकूच गेलं नाही, कारण त्याच वेळी त्याच्या पोटरीत गोळा आला होता. सगळ्या माना मागे वळल्या. हॉलमध्ये उभा असलेला तो एकटाच.

"आपले चष्मेवाले पुन्हा उतरताहेत," काका भरल्या आवाजात म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. आता तुम्हीच सांगा, त्या बिचाऱ्याने काय समजावं? ज्या खेळाची आजवर कुणी दखल घेतली नव्हती, त्यासाठी अख्खी इमारत टाळ्या वाजवत होती! त्याचे डोळे भरून आले. पोटरीतला गोळा दाबत त्याने सगळ्यांचे आभार मानले. मागच्या वेळी आपण अर्ध्यात सोडलं, सगळ्यांची मान खाली गेली, पण या वेळी रक्ताचं पाणी झालं तरी मागे हटणार नाही, असं तो अगदी मनापासून बोलला. पाणी हा शब्द आल्यावर पुन्हा टाळ्या झाल्या. मग काका पुढे आले, त्यांनी त्याला मिठी मारली आणि त्याच्या हातात गच्चीच्या, टाकीच्या, पंपाच्या किल्ल्यांचा जुडगा ठेवला. ठेवताना त्यांचे खांदे एकदम हलके झालेले सगळ्यांनी पाहिले.

किल्ल्या कसल्या, हे विचारेपर्यंत ठराव मंजूर झाला होता. मग त्याने जीव तोडून सांगितलं, की गैरसमज झालाय, मी पोहण्याबद्दल बोलत होतो. लोक पोट धरून हसले. चष्मेवाले मोठे विनोदी, असं ठरलं. त्याने पुन्हा सांगितलं तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई एवढंच म्हणाल्या, की अर्ध्यात सोडणार नाही असं आत्ताच बोललात ना, का याही वेळी तसंच?

त्याने किल्ल्या खिशात घातल्या. छताच्या ओलीचं सांगायचं राहूनच गेलं. आणि आता सांगायचं कुणाला, तर स्वतःलाच.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती चिडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. तिने फक्त विचारलं, कमिटीची बैठक कधी असते.

"रविवारी," तो म्हणाला. "सकाळी."

त्या सकाळसाठी तिने हॉस्पिटलातल्या मोठ्या सिस्टरची किती मनधरणी केली होती, हे त्याला माहीत होतं. तिने लेकीच्या दप्तराचा बंद शिवायला घेतला आणि सुई भलतीकडेच टोचत राहिली. चष्मेवाल्याला फुटपाथची ती कड आठवली. तिथून निदान कर्णा तरी ऐकू येत होता.

तरी त्याने नेट सोडला नाही. पहाटे धावायला निघाला, तर फाटकापाशी लोक तक्रारी घेऊन तयार. तो पळत सुटला की तेही सोबत पळत. पहिल्या मजल्यावरचे आजोबा गळक्या पाइपाची हकीकत सांगत त्याच्या पुढे निघून गेले, तेव्हा त्याने धावणं थांबवलं. सायकल घरातच स्टँडवर चढवली, तर खालच्यांची तक्रार आली, की वरून घरघर ऐकू येते, अध्यक्षांनी लक्ष घालावं. त्याने लक्ष घातलं. घरघर बंद केली.

राहिलं पोहणं. इमारतीचा छोटासा पोहण्याचा तलाव होता, त्याच्यावरच सारी भिस्त. पण प्लंबरने सगळीकडे कान लावून सांगितलं, की टाकीचं पाणी पळतंय ते तलावात, आणि तलावातलं पळतंय जमिनीत. तलाव रिकामा करून बंद केला तरच घराघरात पाणी येईल. अध्यक्षांनी सही करायची. चष्मेवाला काठावर बराच वेळ उभा राहिला, मग त्याने सही केली. पाणी गुडगुड करत उतरत गेलं. आधी सगळा जोर पाण्यावर, असं तो म्हणाला होता, आणि शब्दाला तो जागला. इमारतीने त्याचा जाहीर सत्कारसुद्धा केला.

पुढच्या रविवारी तो बैठकीला निघाला, तर बायको दाराशी चपला घालत होती. खांद्यावर पिशवी, हातात त्याचा पोहण्याचा चष्मा. लेकही तयार होती.

"कुठे?"

"गावातल्या तलावावर. ड्यूटी बदलून घेतलीच आहे, तर सकाळ फुकट कशाला घालवू?" ती म्हणाली. "पोशाख सापडला. थोडा घट्ट होतो, पण होतो."

त्याला बरं वाटलं. खरंच वाटलं. निदान घरात कुणाच्या तरी केसांना पाण्याचा वास यायला लागला होता. मग ती सायकलची उंची कमी करून घेऊन जायला लागली. मग ड्यूटीवरून धावत घरी यायला लागली. आणि एक दिवस जेवताना, पाणी ओतता ओतता तिने विचारलं, की त्याने आधीच पैसे भरून ठेवलेला शर्यतीतला प्रवेश दुसऱ्याच्या नावावर करून देतात म्हणे, तर करायचा का?

घास त्याच्या हातातच राहिला. लेक दोघांकडे आळीपाळीने बघत होती. नाही म्हणावं असं त्याला फार वाटलं, पण मग लेक त्या कमानीखालून कुणालाच येताना बघणार नव्हती.

"कर," तो म्हणाला. "आणि मी?"

"तू पाठिंबा दे."

शर्यतीच्या दिवशी तळ्याच्या काठी मुंगीला शिरायला जागा नव्हती. भोंगा वाजला, सगळ्या टोप्या पाण्यात घुसल्या आणि त्यातली बायकोची कुठली ते लेकीने बरोब्बर ओळखलं. ती टोपी पुढच्या घोळक्यात होती. चष्मेवाला खांद्यावर कोरडा टॉवेल टाकून उभा होता. डोळ्यांत पाणी का आलं हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं, अभिमान होता, पण निव्वळ अभिमान नव्हता. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. पंप बंद पडला होता, आणि किल्ल्या त्याच्याच खिशात होत्या.

शेजारच्या गृहस्थांनी त्याच्या टॉवेलाकडे पाहून विचारलं, "काय हो, तुम्ही नाही उतरलात?"

"उतरलोय ना," चष्मेवाला म्हणाला. "मी सोसायटीचा अध्यक्ष आहे."