जयदेव गायकरचा दहावा

सोमवारी पहाटे अंबरनाथच्या बुवापाड्यात जयदेव गायकरला कुणी ओळख दाखवेना.

एरवी साडेआठच्या आत ज्याने सूर्य पाहिलेला नाही, असा हा गृहस्थ त्या दिवशी उजाडायच्या आधीच फिरायला निघाला होता. रस्त्यावर धुकं होतं. दूधवाला प्रमोद समोरून सायकलवर आला. जयदेवने हात केला, तसा प्रमोद सायकल तिथेच टाकून उलटा पळाला. दूध गटारात गेलं तरी त्याने मागे वळून पाहिलं नाही. पुतळाबाई दारात सडा घालत होत्या. त्यांनी "रामा, रामा" करत अख्खी बादली जयदेवच्या अंगावर ओतली आणि आत जाऊन कडी घातली.

"लवकर उठणारा माणूस लोकांना बघवत नाही," जयदेव मनाशी म्हणाला आणि ओल्या अंगाने नाक्यावर आला.

नाक्यावर तो स्वतःच उभा होता. चांगला दोन पुरुष उंच, बांबूच्या चौकटीत ताणलेला, गोरापान, गालफडं बसलेली, अंगात निळा कोट. गळ्यात झेंडूचा हार, खाली धूर सोडणारी उदबत्ती. वर लिहिलं होतं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. नावाखाली ‘स्वर्गवास : सोमवार’. जयदेवने आधी स्वतःच्या हाताला चिमटा काढला. दुखलं. तरी खात्री होईना, म्हणून त्याने आणखी एक काढला.

आता हे कसं झालं ते सांगायला हवं. जयदेव आरंभशूर. व्यायामशाळा, पेटी, इंग्रजीचा क्लास, सगळ्याची सुरुवात जोरात, शेवट कुठेच नाही. बायकोला, माधवीला, शब्द द्यायचा आणि विसरायचा. तिने बदलापूरला, माहेरच्या गावी, शिवणक्लास काढला, त्याचा नारळ फोडायला यायचं कबूल करून हा घरी घोरत पडला. तेव्हा मात्र ती माहेरीच राहिली. "आयुष्यात काय करायचंय ते एकदा ठरव, मग मला बोलव," एवढंच म्हणाली. ती परत यावी म्हणून जयदेव रविवारी ‘ध्येय ठरवा’ नावाच्या शिबिरात जाऊन बसला.

शिबिरातल्या करिष्मा मॅडमनी सांगितलं होतं, "आपण गेल्यावर लोकांनी आपल्याबद्दल काय बोलावं, ते आजच लिहा. तेच तुमचं ध्येय! मोठ्या अक्षरात लिहा, रोज दिसेल असं लावा. आणि तारीख घाला. तारखेशिवाय ध्येय म्हणजे नुसतं स्वप्न."

आता आमच्याकडे मोठ्या अक्षरात लावायचं म्हणजे फ्लेक्स. दहावी पास झाला, फ्लेक्स. बैलाचा वाढदिवस, फ्लेक्स. जयदेवने कॅम्प दोनमधल्या फ्लेक्स छापणाऱ्या हितेशभाईला मजकूर पाठवला, स्वतःचा फोटो पाठवला आणि लिहिलं, "पोट नि गाल कमी करा, कोट घाला." हितेशभाईने विचारलं, "तारीख कौनसी डालू?" नवीन आयुष्य सुरू व्हायची तारीख! जयदेवने कळवलं, "सोमवार."

ओल्या कपड्यांनी त्याने तिथूनच फोन लावला.

"हितेशभाई, मी जयदेव गायकर बोलतोय."

हितेशभाई अगदी हळू म्हणाला, "भाऊ असाल ना त्यांचे? आवाज डिट्टो आहे."

"अहो, मीच तो! मला तो फ्लेक्स बेडरूममध्ये लावायचा होता!"

"दुःखात माणूस काहीपण बोलतो, साईं. टेन्शन नका घेऊ. मयतीच्या घरी आपण दोनदा फोन करून विचारत नाही, धंद्याचा उसूल आहे. रातोरात माणूस पाठवला, फिटिंग करून घेतली. हार आपल्यातर्फे." आणि त्याने फोन ठेवला.

तोवर उजाडलं होतं आणि माणसं जमली होती. पुतळाबाई आल्या, धीर करून प्रमोदही आला. मासळीवाली रखमाबाई टोपली डोक्यावर तशीच ठेवून फोटोकडे बघत उभी राहिली.

"आपला जयद्या गेला?" तिने विचारलं.

प्रमोदने मोठ्याने वाचून दाखवलं. "‘पहाटे उठणारे, शब्दाला जागणारे, कधीही आवाज न चढवणारे, पत्नीला दिलेलं वचन न मोडणारे’..."

"मग हा आपला नव्हं," रखमाबाई सुटकेचा श्वास टाकून म्हणाली. "दुसरा कोनतरी."

"अरे, हा मीच आहे!" जयदेव पुढे झाला.

"तू पहाटे उठतोस?" प्रमोदने विचारलं.

"आज उठलोय की!"

"शब्दाला जागतोस?"

"ते ध्येय आहे, मूर्खांनो! ध्येय!" जयदेव एवढ्या जोरात ओरडला, की झाडावरचे कावळे उडाले.

"बघा, आवाज चढवला," पुतळाबाई म्हणाल्या. वाद तिथेच मिटला.

जयदेव बांबूवर चढून फ्लेक्स सोडायला लागला, तेव्हा चौघांनी त्याला पाय धरून खाली ओढलं. "लाज वाटत नाही? दहाव्याच्या आत मेलेल्याचा बॅनर उतरवतात का?" प्रमोदचे डोळे भरून आले होते. "सोन्यासारखा माणूस होता. रोज पहाटे मला हात करायचा."

"माज्याकडनं पापलेट न्यायचा," रखमाबाई म्हणाली. "कधी घासाघीस नाय."

जयदेवच्या अंगावर काटा आला. लोक थापा मारत असते तर चाललं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर थाप नव्हती. त्यांना तो माणूस खरोखर आठवत होता.

तेवढ्यात रिक्षातून माधवी उतरली. बॅनरचा फोटो तिच्या मोबाइलपर्यंत पोचला होता. तिने जयदेवला पाहिलं, किंकाळी वगैरे काही फोडली नाही, सरळ बॅनरसमोर जाऊन ओळ न् ओळ वाचली. मग पदर तोंडाला लावून रडायला लागली.

"अगं, मी जिवंत आहे. हा मीच आहे!"

"माहीत आहे. कोट घातला म्हणून नवरा ओळखू येणार नाही का मला?"

"मग रडतेस कशाला?"

"ह्याच्यासाठी." तिने बॅनरकडे बोट केलं. "लग्न झाल्यापासून मी ह्यालाच शोधत होते. आज पत्ता लागला, तर गळ्यात हार."

"घरी येतेस ना?" जयदेवने कसंबसं विचारलं.

"दहाव्यापर्यंत राहते. पुढचं पुढे."

घरी जयदेवच्या आईने, बनूबाईने, सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "आपलेच आडनावाचा हाय, त्याला पुढंमागं कोनी नाय. दहावा आपून करू."

"आई, तू माझाच दहावा करणार?"

"तुजा कशाला? जल्ला, तुज्यात नि त्याच्यात काय तरी सारकं हाय का?"

त्या संध्याकाळी तिने कोपऱ्यात पीठ पसरलं, पणती लावली, वर टोपली झाकली. गेलेला माणूस रूप दाखवून जातो म्हणतात. पिठावर कुणाला पाखराचं पाऊल दिसतं, कुणाला वेलीचं पान. सकाळी टोपली उचलली, तर पिठात बुटाचा ठसा होता, नवाकोरा, नक्षी स्पष्ट. जयदेवने फिरायला म्हणून गेल्या वर्षी तसलेच बूट घेतले होते. खोका कपाटावर होता, वरची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती.

"आई, खरं सांग, तू केलंस हे?"

"मना काय दुसरा धंदा नाय?" बनूबाई म्हणाली. पण तिचाही चेहरा उतरला होता.

गुरुवारी प्रमोद दूध घेऊन आला तो खुशीत. "वहिनी, आज दिसला. शिवमंदिराच्या बाजूने झपझप चालला होता. हात केला मला."

"हे असतील," माधवी म्हणाली.

"कोण, जयद्या? छे."

छेच. जयदेव आत पांघरूण घेऊन जागा होता आणि सगळं ऐकत होता. मरणाची भीती त्याला कधी वाटली नव्हती. आता एका माणसाच्या जगण्याची वाटायला लागली. माधवी रोज संध्याकाळी त्या माणसासाठी दिवा लावायची आणि दिव्यापाशी बसून हळू आवाजात त्याला शिवणक्लासच्या गोष्टी सांगायची. जयदेव दाराआड उभा राहून ऐकायचा. आपल्याच श्रद्धांजलीवर जळणारा नवरा अंबरनाथमध्ये दुसरा झाला नसेल.

दहाव्या दिवशी सगळे बदलापूरला उल्हास नदीच्या घाटावर गेले. निम्मा बुवापाडा आला होता. भटजींनी पिंड मांडले. पिंपळावर कावळे दाटीवाटीने बसले होते, पण एकही खाली उतरेना. ओरडतही नव्हते, नुसते बघत होते. वाराही पडला होता.

"इच्छा राहिल्यात ह्यांच्या," भटजी म्हणाले. "कुणीतरी पुढे होऊन शब्द द्या."

"इच्छा छापूनच आल्यात," पुतळाबाई म्हणाल्या. सगळे जयदेवकडे वळले. "नावाचा तूच आहेस. दे शब्द."

जयदेवने हात जोडले. "मी पहाटे उठेन." कावळे हलले नाहीत. "वजन कमी करेन." काही नाही. "आवाज चढवणार नाही." एका कावळ्याने पाठ फिरवली.

"त्यालापन म्हाईत हाय," रखमाबाई पुटपुटली.

माधवी शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "एक राहिलं."

कुठलं ते जयदेवला ठाऊक होतं, बॅनरवरचं, पत्नीला दिलेल्या वचनाचं. इतकी वर्षं तो शब्द त्याच्या तोंडून कसा सटासट निघायचा, चहा पिता पिता, बूट घालता घालता. आज त्या भाताच्या गोळ्यासमोर निघेना.

"नाही जमायचं," तो शेवटी म्हणाला. "सगळं तर नाहीच नाही. मला भीती वाटते गं शब्द पाळायची. म्हणून पटकन देऊन मोकळा होतो. त्या बॅनरवरच्यासारखा मी होणार नाही. थोडंफार जमलं तर जमलं."

मग पिंपळावरून एक कावळा सरळ खाली आला आणि त्याने पिंडाला चोच लावली.

"जल्ला, सुटला रं बाबा!" बनूबाईने कपाळाला हात लावला. प्रमोद हुंदके देऊन रडायला लागला. बायका डोळे पुसत होत्या. जयदेवलाही रडू फुटलं, आणि ते खरं होतं. तो माणूस त्याला फार आवडला असता.

माधवीने नदीला हात जोडले, डोळे कोरडे केले आणि पिशवी त्याच्या हातात दिली.

"चल."

"कुठे?"

"घरी," ती म्हणाली. "तो गेला. आता तूच उरलास."