सर्वात हलकं घर

चिमी गेल्याचं खरवईच्या हिरवाई संकुलात मंगळवारी सकाळी साडेसातला कळलं. तोवर सगळ्यांचे नाश्त्याचे तक्ते भरून झाले होते. त्यामुळे आहार उपसमितीपुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो तीनशे दोन नंबरच्या घराचा. तिथे आज दोघांचा नाश्ता धरायचा की एकाचा?

उपसमितीचं काम गंभीर होतं. प्रत्येक घराने माणशी रोज सोळाशे कॅलरींच्या आत, पण पौष्टिक जेवायचं, असा ठराव सर्वसाधारण सभेत वडापाव खात एकमताने झाला होता. घरोघरी स्वयंपाकाचे वजनकाटे आले. सर्वात हलकं जेवणाऱ्या घराला ढाल मिळणार होती.

या कार्यात चिमी भोईरने कधीच सहकार्य केलं नाही. जेवण ती हलकंच करायची. मुगाच्या आमटीत शेवग्याचा पाला, नुसती वाफवलेली अळूवडी, तांदळाच्या भाकरीत अर्धं नाचणीचं पीठ, तेल चमच्याच्या टोकाला लागेल तेवढं. नवऱ्याचं, म्हणजे बाळाचं, बीपी तिने याच जेवणावर ताब्यात ठेवलं होतं. पण तक्त्यातल्या कॅलरींच्या रकान्यात ती रोज एकच शब्द लिहायची, 'पोटभर'. समिती तिला दर महिन्याला शेवटचा क्रमांक द्यायची.

दुसऱ्या दिवशी समितीचा सचिव हरेश भेटायला आला.

"काका, फार वाईट झालं. काकू म्हणजे एकदम देवमाणूस." एवढं बोलून त्याने फाइल उघडली. "नाव कमी करायला मृत्यूचा दाखला लागेल. तो जमा होईपर्यंत काकूंचा आहार चालू धरावा लागणार. सिस्टमच तशी आहे, काय करणार?"

"चालू धर," बाळा म्हणाला. त्याला ते बरंच वाटलं.

घरात चूल पेटवायची नव्हती. समोरच्या तीनशे एकमधून सुंदराबाई झाकलेलं ताट घेऊन आली. "बाला, पिठला-भात हाय. गरम हाय तवर दोन घास खा." बाळाने दोन घास खाल्ले. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी ताट आलं नाही.

ते समितीत अडकलं होतं. पिठलं शिजलं तीनशे एकमध्ये, खाल्लं गेलं तीनशे दोनमध्ये, तर कॅलरी कोणाच्या? दोन तास चर्चा झाली. नियमावलीत लग्नाच्या आमंत्रणाची तरतूद होती, सुतकाची नव्हती. शेवटी ठरलं की स्पष्ट धोरण येईपर्यंत त्या दोन्ही घरांत धराव्यात.

सुंदराबाईचं घर ढालीच्या शर्यतीत दुसरं होतं. सून स्वप्नाली म्हणाली, "आई, एका ताटापायी ढाल जाईल. निकाल लागला की काकांना मस्त जेवायला बोलवू ना!"

"तवर त्यानं काय खावाचा?"

"आई, महिन्याचा तर प्रश्न आहे."

इतर मजल्यांवरूनही ताटं यायची थांबली. सांत्वन मात्र भरपूर येत राहिलं, कारण त्याच्या कॅलरी धरत नव्हते.

सुतक संपल्यावर बाळाने स्वतः मूग शिजत घातले. अंबरनाथच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्याने ॲसिड थेंबाथेंबाने मोजलं होतं, पण मुगात पाणी किती घालायचं हे कधी विचारलं नव्हतं. विचारायची वेळच चिमीने येऊ दिली नव्हती. मूग करपले. त्याने तक्त्यात प्रामाणिकपणे लिहिलं, 'करपले'. पुढे रोज दोन चहा आणि चार बिस्किटं.

महिनाअखेरीला तक्ते तपासताना हरेश खुर्चीतून उठून उभाच राहिला. तीनशे दोनच्या रोजच्या कॅलरी दोनशे साठ! त्यात दाखला अजून जमा नव्हता, म्हणजे माणसं दोन. माणशी एकशे तीस!

उल्हासनगरहून आहारतज्ज्ञ जिज्ञासा मॅडमना तातडीने बोलावलं.

"आहारातून नेमकं काय वगळलंत?" त्यांनी विचारलं.

"बायको गेली."

मॅडमनी लिहून घेतलं, 'एकट्याने जेवणे. भूक आपोआप कमी होते.'

"रात्री काय घेता?"

"काय नाय. बसतो."

'रात्री बैठी ध्यानधारणा,' मॅडमनी लिहिलं.

सुंदराबाई दारातून ओरडली, "आवं, त्याचं गाल बघा! आन पौष्टिक कुठं हाय यात?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मावशी, पौष्टिकतेचे गुण आम्ही पदार्थातल्या दोषांवरून कापतो. इथे पदार्थच नाहीत. दोष कशात काढणार?" बाळाला पौष्टिकतेत पैकीच्या पैकी गुण मिळाले.

समारंभ जोरात झाला. बाळाला ढाल आणि दोन प्रमाणपत्रं मिळाली. दुसऱ्यावर लिहिलं होतं : 'सौ. चिमी बाळा भोईर. रोज एकशे तीस कॅलरी. सातत्य उत्तम.' हरेशने त्याच्या तोंडाशी माइक धरला.

"मला तिची आमटी पायजे," बाळा म्हणाला.

"बघा!" मॅडम टाळ्या वाजवत म्हणाल्या. "इच्छा आहे, तरीही खात नाहीत. याला म्हणतात मनोनिग्रह!"

नंतर सभासदांना मसालेभात आणि जिलेबी होती. बाळाला वाढायला निघालेल्या सुंदराबाईला हरेशने हात जोडून अडवलं. "मावशी, विक्रम मोडेल. फोटो अजून व्हायचेत."

'बाळा पद्धत' चौदा घरांनी लगेच सुरू केली. सहा जणांनी त्यासाठी बायकांना माहेरी पाठवलं. समितीने या पद्धतीचं पत्रक काढलं, त्याला बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरहून मागणी आली. मागणारा प्रत्येक जण एकच विचारतो, किती दिवसांत फरक दिसतो? तुम्हीही तेच विचारणार असाल तर सांगतो. साडेचार आठवड्यांत अकरा किलो. पत्रक कार्यालयात मिळेल, सकाळी दहा ते एक.

बाळा अजून जेवायचा आहे.