रातले दिसनू का?

आमच्या कॉलनीत सकाळी दूध आणायला निघालेल्या माणसाला नाना हवालदार गाठायचे आणि विचारायचे, "रातले दिसनू का?" म्हणजे, रात्री मी तुम्हाला दिसलो का?

नाना पोलिसांच्या गस्तीच्या गाडीवर चालक. मूळचे खानदेशातल्या धरणगावकडचे, म्हणून बोलण्यात अहिराणी; ड्युटी सुटली की कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा आणि ही चौकशी. "दिसलात" म्हटलं की चेहरा खुलायचा; मग लगेच दरडावणी, "दीड वाजता जागे कशाला होतात?" काय बोलावं आता या माणसाला?

गाडीच्या टपावरचा लाल-निळा दिवा हा नानांचा जीव. रोज संध्याकाळी ते तो टूथपेस्ट लावून घासत. दिवा फिरत ठेवून गल्लीगल्लीतून इतक्या हळू जात, की कुत्रीसुद्धा भुंकायला कंटाळली होती. मी एकदा म्हटलं, "नाना, अशानं चोराला तुम्ही दोन गल्ल्या आधीच दिसता."

"दिसू द्या ना. दिसलो म्हणजे तो पळाला. पळाला म्हणजे चोरी टळली. चोर धरानं काम सायेबनं शे, गुरुजी. मनं काम दिसानं."

चोर धरायचा साहेबांनी, यांनी नुसतं दिसायचं! छत्तीस वर्षं शाळेत शिकवून हा तर्क मी पहिल्यांदाच ऐकला.

पण माझी झोप कुत्र्याची. दीड वाजता तो उजेड खिडकीतून भिंतीवर नाचायला लागला की डोळा उघडायचा तो पहाटेपर्यंत. शेवटी वैतागून मी पोलीस ठाण्यात अर्ज टाकला: 'सदर दिव्यामुळे ज्येष्ठ नागरिकांची झोपमोड होत आहे.' खाली नाव नाही, नुसतं 'त्रस्त रहिवासी'. एवढीच हिंमत होती माझ्यात. साहेबांनी तो नानांना वाचून दाखवला म्हणे. दुसऱ्या दिवसापासून कॉलनीत गाडी अंधारात फिरू लागली. मी गाढ झोपू लागलो. नानांनी "दिसनू का" विचारणंही सोडलं.

दोन महिन्यांनी आमच्या शेजारच्या अक्का न्हाणीघरात पडल्या. बाई एकट्या राहायच्या. सकाळी दूधवाला आला तेव्हा कळलं. रात्रभर तशाच पडून होत्या. आठवड्याने गेल्या.

तेराव्याला नाना अक्कांच्या फाटकापाशी उभे होते. मला म्हणाले, "अक्का रोज दोनदा दिवा लावायच्या, गुरुजी. माझा उजेड भिंतीवर पडला की अंगणातला बल्ब दोनदा लावून बंद करायच्या. म्हणजे मी बरी आहे. नाही लागला तर उतरून हाक मारायची, असं आमचं ठरलं होतं. गाडीचा दिवा बंद झाला, मग त्यांना तरी कसं कळणार मी आलो ते? त्या रात्री घर अंधारातच दिसलं. म्हटलं, रोजच्यासारखंच आहे. निघून गेलो."

मग म्हणाले, "बठ्ठं गाव, सगळ्या गल्ल्या फिरतो रात्रभर. उत्तर देणारी ती एकटीच होती."

मला माझी लाज वाटली. दोन घरांत एक भिंत, आणि मला त्या बल्बचा पत्ताही नव्हता. त्याच दिवशी मी दुसरा अर्ज दिला, दिवा पुन्हा सुरू करा म्हणून. या वेळी खाली पूर्ण नाव लिहिलं. साहेबांनी मानलं.

पहिल्याच रात्री दीड वाजता भिंत निळी झाली. मी उठलो, अंगणातला बल्ब दोनदा लावला, बंद केला. गाडी अक्कांच्या कुलूप लावलेल्या फाटकापाशी थांबली होती. बराच वेळ थांबली, मग हळूहळू पुढे गेली.

सकाळी टपरीवर नाना भेटले. माझ्यासाठी चहा सांगितला. आता "दिसनू का" विचारतील, म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी विचारलं नाही. कप माझ्या हातात देत हळूच म्हणाले, "गुरुजी, तुम्ही झोपत जा. तुमची झोपमोड होते."